सिंहवाल्याचं पारायण

गेल्या वर्षी देवावरचा माझा विश्वास जवळजवळ उडाला होता. माझ्या नवऱ्याला अर्धांगवायू झाला, उजवी बाजू गेली, वाचा गेली. ते एक वेळ सोसलं असतं. पण दवाखान्यातून घरी आणल्यावर त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं आणि खाणंच सोडलं. पेजेचा चमचा ओठांशी नेला की दात आवळायचे. डॉक्टरीणबाई घरी येऊन बघून गेल्या. म्हणाल्या, "यांना गिळता येतंय, पण गिळायचं नाहीये. आठवड्यात खायला लागले नाहीत तर नाकातून नळी घालावी लागेल." नळी घातली तर हा माणूस ती डाव्या हाताने उपटून टाकणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणजे पुढे काय, तेही ठाऊक होतं.

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. लग्न होऊन चेन्नईला आले तेव्हापासून तिरुवल्लिकेणीच्या याच गल्लीत आहे. संकट आलं की पारायण करायचं, एवढं आईने शिकवलं होतं. माझी संतचरित्राची पोथी मात्र वाळवीने खाल्ली होती. शेजारच्या कमलाक्का मैलापूरला निघाल्या होत्या. तिथे आमच्या मराठी मंडळाचं पुस्तकांचं कपाट आहे. त्यांना म्हटलं, तेवढी पोथी आणा. कमलाक्का तंजावरच्या मराठी घराण्यातल्या. बोलतात मराठी, पण वाचतात तमिळ. संध्याकाळी त्यांनी धुतलेल्या वस्त्रात बांधलेला जाडजूड ग्रंथ आणून दिला. पोथी पारोशाने सोडायची नाही, म्हणून मी तो तसाच देवापाशी ठेवला.

सकाळी आंघोळ करून दिवा लावला आणि यांच्या खाटेजवळ पाट मांडला. हातावर पाणी घेऊन संकल्प सोडला. सात दिवसांत वाचून पुरा करीन, यांचा उजवा हात पहिल्यासारखा होऊ दे. मग ग्रंथावरचं वस्त्र सोडलं. मुखपृष्ठावर पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा शांत बसलेला. पान उलटलं, तर तो सर्कशीत सिंह सांभाळणारा माणूस निघाला! स्वतःची हकिगत त्याने स्वतःच लिहिली होती.

मी कमलाक्कांना हाक मारली. त्या म्हणाल्या, "अय्यो वहिनी, मज तुमची अक्षरं कुठे येतात? दाढी पाहिली, तेज पाहिलं, घेऊन आले!"

"तेज कसलं? बिड्या ओढायचा तो. पहिल्याच पानावर लिहिलंय."

"मग परत देऊन येऊ?"

परत कसं देणार? संकल्प सोडून झाला होता. पाटावर ठेवलेला ग्रंथ पुरा केल्याशिवाय उचलायचा नाही, ही आईची शिस्त. देवाचा राग आला. इतकी वर्षं दिवाबत्ती केली आणि वेळ आली तेव्हा यानं सर्कसवाला पाठवला. त्या रागातच मोठ्याने वाचायला बसले.

दोन दिवस काही झालं नाही. यांची पाठ माझ्याकडे, माझं वाचन भिंतीला. तिसऱ्या दिवशी त्या माणसाचा पहिला खेळ आला. तंबू भरलेला, बँड वाजतोय, हा चाबूक घेऊन उभा, आणि सिंह झोपलेला. काही केल्या उठेना. लोक शेंगा फेकून मारायला लागले. शेवटी हा बुवा चाबूक टाकून सिंहाच्या पोटाला टेकून स्वतःच आडवा झाला. तेवढ्यात खाटेवरून घरघर ऐकू आली. मी घाबरून उठले. श्वास अडकला नव्हता. हे हसत होते. वाकड्या तोंडाने, डोळ्यांतून पाणी काढत.

मग त्यांनी मान वळवली आणि पुस्तकाकडे बघत राहिले. अध्याय मध्येच तोडू नये म्हणतात. मी तोडला. पेज आणली आणि सांगितलं, "अहो, तोंड उघडा. घास घेतलात तर सिंह उठला की नाही ते सांगते. नाहीतर पुस्तक बंद." रागाने बघितलं माझ्याकडे. मग तोंड उघडलं. त्या दिवशी अर्धी वाटी पेज आणि आठ पानं झाली. सातव्या दिवशी पुस्तक संपलं तेव्हा ते मऊ भात खात होते. डॉक्टरीणबाईंनी नळीचं नाव काढलं नाही.

याला चमत्कार म्हणा, नाहीतर कमलाक्कांची चूक म्हणा. मला वाद घालायचा नाही. काही आठवड्यांनी यांच्या तोंडून पहिला शब्द निघाला, ते माझं नाव नव्हतं की देवाचं नव्हतं. तो होता, "दुसरं." तेव्हापासून कमलाक्का मुखपृष्ठ बघून पुस्तकं आणतात आणि मी वाचते. दुष्काळात गावोगाव फिरलेली एक नर्स वाचून झाली, विहिरी खणणारा झाला, मुलं गेल्यावर शाळा काढणारी एक बाई झाली. चरित्र म्हणजे संतांचंच, अशी माझी समजूत होती. पण या माणसांपैकी एकाचंही आयुष्य त्याने ठरवलं तसं गेलेलं नाही. प्रत्येकाला कुठेतरी हात टेकावे लागले आणि त्यानंतरच खरं काम हातून झालं. देवाने फक्त संतांच्याच जन्मात लक्ष घातलं, असं कोणी सांगितलं? मी मात्र त्याने काय पाठवायचं आणि कसं पाठवायचं, सगळं आखून दिलं होतं. तो माझा नोकर असल्यासारखं.

कमलाक्कांचे उपकार आहेत, त्या सिंहवाल्याचे आहेत, आणि ज्याच्यावर मी रागावले होते त्याचे तर आहेतच. यांचा उजवा हात अजून उठत नाही, आता उठायचाही नाही. डाव्या हाताने जेवतात, निम्मं सांडतात, आणि तोंडात घास असतानाच "वाच" म्हणतात. मागितलं ते मिळालं नाही. मिळालं ते मागायची अक्कल मला नव्हती.