न वाढवलेला नारळ

माझे यजमान नगरच्या इस्पितळात गुरुवारी सकाळी वारले. दुपारी त्यांना नेवाशाला आणले. संध्याकाळी माझ्या बांगड्या फोडल्या.

"फोडल्या म्हणू नये गं," थोरल्या जाऊबाई माझे मनगट धरून म्हणाल्या, "वाढवल्या म्हणावं." काचा उंबऱ्यावर पडल्या होत्या, मनगटातून रक्त येत होते आणि मला बोलायची रीत शिकवली जात होती. मी उलटून बोलणारी बाई नव्हे. सातवीच्या फायनलपर्यंत शिकलेली, यजमान शाळामास्तर, ते वाचनालयातून पुस्तके आणीत आणि मी ती वाचून काढी. म्हणूनच असेल, तो शब्द माझ्या घशात अडकून बसला. बांगडी फुटली की वाढली. मंगळसूत्र तुटले की वाढले. काय वाढले? जिचे सगळे गेले तिच्या तोंडावर हा शब्द फेकायचा आणि वर तिलाच शुभ बोलायला सांगायचे. ज्या दत्ताला अभद्र शब्द सोसत नाही, त्याला स्वतःच्याच वारी, भर गुरुवारी, एवढी अभद्र गोष्ट करताना काहीच वाटले नसेल? देवापुढे दिवा लावायचे मी सोडून दिले. सासूबाई लावीत. मी तिकडे पाठ करून बसे.

यजमान पूर्वी मास्तरकीच्या ट्रेनिंगला नगरला होते. आजारात खाटेवर पडल्या पडल्या ते मला शहर सांगत. माळीवाड्याची वेस, कापडबाजार, दिल्ली दरवाजा, आणि मध्ये एका बोळात दत्ताचे लहानसे देऊळ, जिथे ते परीक्षेच्या आधी जाऊन बसत. "बरा झालो की पायी हिंडवतो तुला. टांग्यातून शहर दिसत नाही," असे म्हणत. न पाहिलेल्या त्या दत्ताला मी नारळ बोलले होते.

पुढच्या उन्हाळ्यात मी एकटी निघाले. दुष्काळाचे ते वर्ष. "नवसाचा नारळ राहिलाय," मी सासूबाईंना सांगितले. "अगं, नवस फळला कुठं?" त्या म्हणाल्या. "तेच विचारायला जाते," मी म्हणाले.

स्टँडवरून चालत सुटले. वेशीतून आत शिरले तर टांगे, हातगाड्या, टँकरची वाट पाहणाऱ्या घागरींची लांबलचक रांग. कापडबाजारात दुकानांवर लुगडी टांगलेली, पायऱ्यांवर गिऱ्हाइके बसलेली. एक कासार येणाऱ्याजाणाऱ्या बाईला "या ताई, भरा" म्हणत होता. माझ्या हाताकडे नजर गेली तशी तो पेट्या आवरू लागला. त्याचे नवल नव्हते. सगळ्यांचीच नजर आधी कपाळावर, मग मनगटावर जाई आणि तिथून मागे वळे. यजमानांनी सांगितलेले एकेक ठिकाण सांगितल्या जागी सापडत होते, त्याचाही मला राग येत होता. अख्खे शहर जागच्या जागी, आणि दाखवणारा तेवढा नाही.

बोळ सापडला. देऊळही सापडले. गुरवाने हात पुढे केला. "वाढवू का नारळ?"

"वाढवायचा नाही. फोडायचा. फोडतो म्हणा, मग देते."

त्याने पुढे केलेला हात मागे घेतला. मागची बाई म्हणाली, "देवाच्या दारात असं अभद्र बोलू नये, बाई."

"त्यानं केलं ते भद्र होतं का?" मी म्हणाले, आणि हात न जोडता नारळ घेऊन बाहेर पडले.

मग नुसती चालत राहिले. सकाळपासून पोटात काही नव्हते. दिल्ली दरवाज्याशी येईपर्यंत डोळ्यांपुढे अंधारी आली, म्हणून तिथल्या सावलीत बसले. शेजारी तीन दगडांची चूल मांडून एक म्हातारी भाकऱ्या थापत होती. जामखेडाकडची, काम शोधत गावासकट आलेली. बाकीची माणसे कामाला गेली होती.

"एकलीच गं?" तिने विचारले. मी मान हलवली. तिने माझी मनगटे पाहिली. नजर मागे वळायची मी वाट पाहिली. ती वळली नाही.

"कवा गेला?"

इतका सरळ प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. "दिवाळीच्या आधी," मी म्हणाले.

"माझा बी गेला. लई वर्सं झाली." तिने थाळी पुढे ओढली. "सरक हिकडं. वाढते."

तो शब्द कानावर पडला आणि मला रडू कोसळले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.

"का गं, रेशनच्या मिलोची तांबडी भाकर बघून रडती व्हय? आमी तर रोज खातो," ती म्हणाली. मग माझ्या मांडीकडे बोट केले. "आन् ह्यो नारळ कुनाचा?"

"देवाचा. दिला नाही. भांडण झालं."

ती हसली. "मिटंल तवा दुसरा दे. आज कोरड्यास न्हाई, आन हिकडं." तिने तो चुलीच्या दगडावर आपटला. "फुटला," म्हणाली. वाटीत धरलेले नारळाचे पाणी आधी माझ्या तोंडाला लावले, मग खोबरे मीठमिरची घालून ठेचले आणि आपल्यातली अर्धी भाकरी माझ्यापुढे टाकली.

फुटला तेव्हा ती फुटला म्हणाली, आणि वाढते म्हणाली तेव्हा तिने खरोखर वाढले.

श्रावणात मी पुन्हा गेले तेव्हा दरवाज्याशी कोणी नव्हते. पाऊस झाला होता, माणसे गावी परतली असतील. ते दत्तच होते, असे मी कोणाला सांगत नाही. ती भुकेली म्हातारी होती आणि तिने मला जेवू घातले. याहून मोठे काही मला सांगायचे नाही. मात्र परत येताना देवळात गेले आणि हात जोडले. मागितले काही नाही. मागायचे मी सोडले आहे; जे पुढ्यात येईल ते घ्यायचे, एवढे त्या थाळीवर शिकले. जाऊबाईंच्या शब्दाचा राग अजून येतो, त्याचाही जाब मी विचारते, पण आता देवाकडे तोंड करून.

यजमान नाहीत. हात मोकळे आहेत. त्या नारळाची एक करवंटी मी उचलून आणली होती. तीत वाती ठेवते. संध्याकाळचा दिवा मी लावते.