शाळेच्या भिंतीवरचा चौक

आमच्या घरात कोरा कागद नसायचा. पत्रकं असायची. बाबा तलासरीला संघटनेचं काम करायचे. वनजमीन, रेशन, रोजगार, जे काही त्या महिन्यात पेटलेलं असेल त्याचं पत्रक छापून यायचं आणि वाटून उरलेला गठ्ठा कैनाडच्या आमच्या घरात माळ्यावर चढायचा. गुलाबी, पिवळा, पोपटी कागद. एका बाजूला मजकूर, दुसरी मोकळी. एका बाजूवर मी वाचायला शिकले आणि दुसऱ्या बाजूवर चित्रं काढायला. कागद इतका पातळ की मागची अक्षरं उलटी होऊन चित्रात उतरायची. माझ्या बैलांच्या पोटात मागण्या असायच्या.

म्हणून डहाणूच्या हायस्कुलात आले आणि चित्रकलेच्या तासाला पहिला ड्रॉइंग पेपर हातात पडला, तेव्हा मी तो आधी उलटून पाहिला. मागे काहीच नव्हतं. जाड, खरखरीत, दोन्ही बाजूंनी गप्प असा कागद मी पहिल्यांदाच पाहत होते. त्यावर रेघ ओढायला मला अर्धा तास धीर झाला नाही.

चित्रकलेची खोली शाळेच्या अगदी टोकाला होती. खिडकीबाहेर सुरूची झाडं. वारा फिरला की वाळत घातलेल्या बोंबलांचा वास आत यायचा आणि पोस्टर कलरच्या वासात मिसळायचा. अजूनही कुठे रंगाची बाटली उघडली की मला त्यात सुकट नसल्याची चुटपुट लागते. टेबलावर निळी चादर, तिच्या मुद्दाम पाडलेल्या चुण्या, पितळी तांब्या आणि दोन चिकू, असं आमचं वस्तुचित्र मांडलेलं असायचं. चिकू घोलवडच्या मुली आणायच्या. सर त्यांना बजावायचे, "झाडावरचे कडक आणा गं. पिकलेले आणलेत की सावली काढायच्या आत एक कमी होतो."

सर घाटावरचे. चाळिशीच्या आसपासचे, एकटे, स्टेशनजवळ भाड्याच्या खोलीत राहायचे. शर्टाच्या खिशाला कायम निळ्या रंगाचा डाग. ते चित्राला कधी छान म्हणत नसत, वाईटही म्हणत नसत. चित्रातल्या माणसांची चौकशी करायचे. ही बाई कुठे निघाली आहे? तिच्या हातातलं ओझं जड आहे की हलकं? जड असेल तर खांदा कुठे गेला?

स्मरणचित्राला 'बाजार' विषय होता तेव्हा मी मोर्चा काढला होता. बाजारातूनच चालला होता, त्यामुळे विषय सोडला असं माझं मत नव्हतं. सगळ्यांच्या मुठी वर, सगळे एका दिशेला बघणारे. सरांनी कागद लांब धरला.

"एवढी माणसं आणि एकही चप्पल शोधत नाहीये?"

"मोर्चात चप्पल कोण शोधतं, सर?"

"तू गेलीयेस ना मोर्चाला? मग आठव की."

मी आठवलं. तुटलेल्या अंगठ्याची चप्पल हातात घेऊन चालणारी माझी काकी आठवली. रस्त्याच्या कडेला पोराला पाजायला बसलेली बाई आठवली. पत्रकात या दोघी कधीच आल्या नव्हत्या. त्या दिवशी मला सरांचा राग आला आणि त्याच दिवसापासून मी चित्रकला शिकायला लागले.

माझ्या शेजारी बसायची ती खाडीकडची. वडिलांची बोट, आई मासळी विकायची. तिचा हात माझ्याहून चांगला होता आणि तोंडही. बोंबील काढायचा तर ती दोन काढायची, एकमेकांच्या जबड्यात जबडा अडकवलेले, कारण दोरीवर ते तसेच टांगतात. माझ्या चित्रांतल्या मुठींना ती "तुझे नारळ" म्हणायची. "आज किती नारळ लागले गं झाडाला?"

नववीत आमची चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा झाली, भात कापून झालं, आणि शाळेच्या कंपाऊंडची रस्त्याकडची भिंत रंगवायचं ठरलं. संमेलनाला मोठे पाहुणे येणार होते. भिंत लांबच लांब, ताज्या गेरूची. मी ती पाहिली आणि माझी झोप उडाली. बाबांबरोबर मी भिंतीवर घोषणा रंगवल्या होत्या, पण तिथे अक्षरं बाबांची असायची, मी आतला रंग भरायची. इथे सगळी भिंत चित्राला मोकळी होती. मला ती हवी होती. इतकी हवी होती की एसटीत बसल्याबसल्या मी समोरच्या सीटच्या पाठीवर बोटानं माणसं काढत यायची.

मग मुख्याध्यापकांनी वर्गात एक चादर आणली. दुकानातून विकत घेतलेली, छापील, मधोमध लग्नाचा चौक. चौकटीत देवी, भोवती नक्षी, शेजारी घोड्यावरचा देव.

"हाच मधे काढायचा, मोठा," ते म्हणाले. "आपल्या भागाची ओळख." आणि माझ्याकडे बघून, "तुझ्या तर हातातच असेल हे."

हातात नव्हतं. आम्हा आदिवासींत चौक काढतात तो लग्नाला, घराच्या आतल्या भिंतीवर, तांदळाच्या पिठानं. काढतात त्या सवासिनी. काढताना गाणी होतात, देवी यायची असते, ती आल्याशिवाय लग्न लागत नाही. माझ्या काकीला आजूबाजूच्या पाड्यांवर चौक काढायला बोलवायचे. मी पीठ भिजवून दिलं होतं, वाटी धरली होती. पिठात बुडवलेली काडी स्वतः कधी भिंतीला लावली नव्हती.

मी उभी राहिले आणि म्हणाले, "मी चौक काढणार नाही. बाकी सगळी भिंत काढते."

मुख्याध्यापक चिडले नाहीत, हसले, आणि त्या हसण्यानं माझं डोकं जास्त तापलं. सरांनी मला बाहेर बोलावलं. त्यांचीही अडचण होती. चित्रकलेचे तास गणिताला द्यावेत असं शिक्षकांच्या खोलीत चाललं होतं, आणि ही भिंत चांगली झाली असती तर ते काही दिवस थांबलं असतं.

"देव मानतेस?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग?"

घरी बाबांना विचारलं. ते पत्रकाचं प्रूफ तपासत होते. म्हणाले, "परंपरा आहे म्हणून काढत नाही, हे काही कारण झालं नाही. परंपरेनं बायकांना काय काय नाकारलंय ते तुला माहीत आहे. कारण शोध. सापडलं तर ठाम राहा, नाही सापडलं तर काढ."

मी रात्रभर शोधलं. चौक लग्न झालेल्या बायकांनीच काढायचा, विधवेनं हात लावायचा नाही, हा नियम मला तेव्हा पटत नव्हता, आजही पटत नाही. तो बदलायला हवा. पण तो बदलायचा तर काकीच्या अंगणात बसून, तिच्याशी भांडून. पाहुण्यांच्या गाडीला दिसावा म्हणून रस्त्यावर काढून तो बदलत नाही. आमची चित्रं कपावर आली, चादरीवर आली, पर्सवर आली. ज्यांनी आमच्या घरचं पाणी प्यायलं नसतं त्यांच्या दिवाणखान्यात आमची बायका-माणसं नाचतात. नाचू देत. पण चौक हा एका घराचा, एका दिवसाचा असतो. तो सजावटीला द्यायचा नाही, एवढं एक मला कळलं.

दुसऱ्या दिवशी सरांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "ठीक आहे. तू गेरू कालव."

म्हणजे ब्रश गेला. भिंत गेली.

दहावीची मुलं आणि माझी मैत्रीण चौक काढायला बसली, चादर समोर टांगून. मी बादलीत गेरू ढवळत खाली. मैत्रीण स्टुलावरून म्हणाली, "तुमची देवी एवढी नाजूक आहे होय? आमच्या देवाला वर्षातून एकदा नारळ दिला की बोटीवर, टीशर्टवर, कुठंही काढा."

"तुमचा समुद्र बाहेरच असतो. आमची देवी घरात असते."

"बरं बाई. ढवळ. गुठळ्या राहिल्यात."

चौक चांगला झाला, हे मी कबूल करते. तिचा हातच तसा. देवी भिंतीच्या मधोमध उभी राहिली. भोवती दहावीच्या मुलांनी झाडं आणि मोर भरले, आणि आमच्याकडे कुणी पाहिला नसेल असा एक जिराफ.

चौकावर शेवटचे हात फिरत होते त्या दिवशी बाजार होता. आशागडकडून, आमच्या बाजूनं बायका डोक्यावर भाजीच्या टोपल्या, वालाच्या शेंगा घेऊन त्याच रस्त्यानं यायच्या. पाच-सहा जणी भिंतीपाशी आल्या आणि थबकल्या. टोपल्या खाली ठेवल्या. भिंतीकडे पाहिलं, एकमेकींकडे पाहिलं.

"लगीन कोणाचा हाय?" एकीनं मला विचारलं.

सर फाटकापाशी खुर्चीवर बसून वडापाव खात होते. "काय म्हणतायत?" त्यांनी विचारलं.

"लग्न कुणाचं आहे, विचारतायत."

"लग्न? इथे?"

"चौक काढलाय म्हणजे लग्न असणारच, सर."

तोवर दुसरीची नजर सरांवर गेली होती. नवा शर्ट, निळा डाग सोडला तर स्वच्छ. संमेलनाचा आठवडा म्हणून केस कापलेले.

"हाच काय नवरा?"

"जून हाय पण," तिसरी म्हणाली.

"असू दे. नोकरी असेल."

"नवरी कुठं हाय? जेवण कधी?"

मी सगळं जसंच्या तसं सांगितलं. सरांच्या हातात वडापाव तसाच राहिला आणि कानांच्या पाळ्या लाल झाल्या. मैत्रीण स्टुलावर वाकून हसत होती, ब्रशमधला पांढरा रंग तिच्या चपलेवर गळत होता. एकीला चित्र आवडलं होतं. ती म्हणाली, "असू दे की, ब्येस दिसते." दुसरीनं तिला कोपरानं ढोसलं.

पण एक बाई हसली नाही. वयस्कर, सगळ्यांच्या मागे होती. तिनं टोपली खाली ठेवलीच नव्हती. देवी रस्त्यावर, धुळीत, उन्हात उघडी उभी पाहिली, पदर ओढून घेतला, मान वळवली आणि रस्ता ओलांडून पलीकडून चालायला लागली. मला भाषांतर करायला काही नव्हतं. सरांनी तिला दूरवर जाईपर्यंत पाहिलं.

बायका गेल्या. सरांनी वडापाव कागदात गुंडाळला, शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि माझ्या हातातली बादली घेतली. देवीवर गेरूचा पहिला हात त्यांनीच मारला. मैत्रीण खाली उतरली आणि तिनं दुसरा ब्रश घेतला. तिच्या दोन दिवसांच्या कामावर ती गेरू फिरवत होती. मी तिला नंतर पुष्कळ दिवस मोठं मानलं, पण तसं बोलून दाखवलं नाही, कारण तिनं त्याचीही टिंगल केली असती. मुख्याध्यापक येऊन गेले. आवाज चढले. आम्हाला ऐकू आलं ते सरांचं एवढंच वाक्य, "उद्यापर्यंत भरून देतो, साहेब. जबाबदारी माझी."

परत येऊन ते मला म्हणाले, "मधली जागा तुझी. काय काढशील ते काढ. नारळ नकोत."

भिंतीच्या मधोमध नव्या गेरूचा काळपट, ओला चौरस होता. मी पांढरा रंग घेतला, आणि पहिल्यांदाच मला विचार करावा लागला नाही. थोड्या वेळापूर्वी इथे जे झालं होतं तेच काढलं. भिंतीसमोर उभ्या बायका, पाठमोऱ्या. जमिनीवर टोपल्या. एकीचं कोपर दुसरीच्या बरगडीत. खुर्चीवर बसलेला एक माणूस. आणि अगदी कडेला, डोक्यावर टोपली असलेली, तोंड फिरवून निघालेली एक बाई. तिला मी सगळ्यात शेवटी काढलं आणि तिची पावलं दोनदा पुसून पुन्हा काढली. अंधार पडल्यावर मैत्रीण माझ्यासाठी मोबाईलचा उजेड धरून उभी होती. शेवटच्या एसटीला दोघी धावलो.

पाहुणे आले, त्यांनी जिराफासमोर फोटो काढला आणि गेले. चित्रकलेचे तास त्या वर्षी वाचले. भिंतीमुळे की गणिताच्या बाईंची बदली झाली म्हणून, ते कुणालाच नक्की सांगता आलं नाही.

पुढच्या बाजाराला बायका पुन्हा थांबल्या. मी मुद्दाम फाटकाशी उभी होते. त्यांना स्वतःला ओळखायला वेळ लागला नाही.

"ही तू."

"मी नाय. मी एवढी बारीक हाय काय?"

"बाकीच्या पन बारीकच काढल्यात."

"कोपर तर तुझाच हाय."

वयस्कर बाई मागेच होती. या वेळी ती रस्त्याच्या अलीकडच्या बाजूनं आली. चित्रातल्या त्या एकटीकडे तिनं जरा वेळ पाहिलं. डोक्यावरची टोपली उतरवून खाली भिंतीला टेकवली आणि पाठ टेकून, बाकीच्यांचं भांडण संपायची वाट बघत बसली.