तातेरावनं पिकअपात मशीन बसवलं

"हे चार बोल्टं एकदा बसले की भाऊ, गाडी खड्ड्यात जाऊ द्या का नाल्यात जाऊ द्या, मशीन हलायचं न्हाई. बिलकुल पक्कं करून राह्यलो."

तातेराव पिकअपच्या मागच्या हौद्यात गुडघे टेकून पान्हा फिरवीत होता. बोलणं चाललं होतं ते खाली उभ्या असलेल्या रामरावशी. गाडी रामरावची होती.

"ते समदं बराबर हाय," रामराव म्हणाला, "पर भोकं किती पाडले? म्या गाडी जयंतीला देल्ती, चाळण करायला न्हाई."

"चारच."

"चारच म्हणतो. तुह्या थाळीला पाडू का चार?"

"तुमच्या गाडीला आधीचेच इतके भोकं हायेत की माह्ये चार उद्या तुम्हालाबी सापडायचे न्हाईत."

रामराव हसला अन् त्यानं तंबाखूचा बार भरला. कुंभार पिंपळगावात मोसंबीचा बाग असलेला हा माणूस. विलायती बनावटीची ही जुनी पिकअप त्यानं कुठल्याशा लिलावात घेतली होती अन् तिच्यातून मोसंबी, कडबा, वेळप्रसंगी गावातली बाळंतीणसुद्धा वाहिली होती. सत्त्याहत्तर सालच्या जयंतीला मात्र तो आपण होऊन बौद्धवस्तीत आला अन् म्हणाला, "औंदा बैलगाडी काहून? माह्यी गाडी न्या." पारावरच्या दोन-चार तोंडांना त्याचं हे करणं मानवलं नाही. "आता गाडीला निळा रंगबी देऊन टाक," असं एकानं म्हटलं. रामरावनं त्यालाच विचारलं, "ब्रश धरायला येतो का मंग?"

आजवर मिरवणुकीचं मशीन तातेरावनं बैलगाडीतच बसवलेलं. मशीन म्हणजे ॲम्प्लिफायर, पण तो शब्द वस्तीत कुणी वापरत नव्हतं. तातेराव हे काम जुन्या जालन्यातल्या एका उस्तादाकडं शिकला. रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. आधी दोन वर्षं नुसतं झाडलं, चहा आणला, कथलाचा डाग देताना बोटं भाजून घेतली. उस्ताद शिव्या उर्दूत द्यायचा अन् समजावून मराठीत सांगायचा, त्यामुळं तातेरावला दोन्ही चांगलं आलं. गावी परतल्यावर लग्नात, सप्त्यात, कुस्तीच्या फडात, जिथं भोंगा वाजायचा तिथं तो असायचा. बैलगाडीच्या लाकडी साट्यावर मशीन ठेवायचं, लाकडात स्क्रू पिळायचे, बॅटरीच्या दोन वायरी जोडायच्या, की झालं.

पण ही पत्र्याची गाडी होती. पत्र्यात बसवायची त्याची पहिलीच वेळ. त्याला त्याचा मोठा डौल आला होता. सकाळपासून येणाऱ्याजाणाऱ्याला तो बोल्ट दाखवीत होता.

अन् मशीन काही त्याच्या एकट्याचं नव्हतं. ते सगळ्या वस्तीचं होतं. आधी जयंतीला गावातल्या मंडळाचं मशीन मागून आणावं लागायचं. दरसाल नेमकी त्याच दिवशी त्यांची बॅटरी उतरलेली असायची, नाहीतर माइक कुणीतरी परगावी नेलेला असायचा. शेवटी बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या बाया-माणसांनी मनावर घेतलं, मजुरीतून वर्गणी काढली अन् स्वतःचं मशीन आणलं. तेव्हापासून ते तातेरावच्या घरात कणगीवर, धुतल्या धडप्यात गुंडाळून ठेवलेलं असायचं. विहारात सगळ्यांसमोर तो बोलून बसला होता, "ह्याला काही झालं तर मह्याकडं बोट दाखवा." लोक अशी वाक्यं विसरत नाहीत.

चारही बोल्ट आवळून झाले. तातेरावनं मशीन दोन्ही हातांनी हलवून पाहिलं. गाडी हलली, मशीन हललं नाही.

"पाह्यलं का?" तो म्हणाला.

"पाह्यलं. आता वाजिव."

तातेरावनं लाल वायर गाडीच्याच बॅटरीवरून मागं ओढलेल्या प्लसच्या टोकाला लावली. मग काळी घेतली अन् मायनसला टेकवली.

चर्रर झालं. ठिणगी उडाली अन् काळी वायर त्याच्या डोळ्यांदेखत लाल झाली. वरचं रबर वितळून मशीनच्या बुडापासून धूर निघाला. तातेरावनं वायर उघड्या हातानंच हिसकली. तळहाताला चटका बसला, तोही त्याला नंतर कळला. जळक्या रबराचा वास विहारापर्यंत गेला अन् पताका लावणारे सगळे गाडीकडं आले.

"गेलं का?" भुजंगनं विचारलं. हा तातेरावचा चुलतभाऊ. कुणाचं काय गेलं हे विचारायला तो कायम पुढं असायचा. "म्या तर म्हणत व्हतो, साधी बैलगाडी बरी."

"तू कव्हा म्हणला?" तातेराव म्हणाला.

"मनातल्या मनात म्हणत व्हतो."

तातेराव खाली उतरला नाही. हौद्यातच उकिडवा बसून राहिला. संध्याकाळी मिरवणूक. कडेगावच्या वाडीपासून लोक येणार. माइकवर गाणारे येणार. अन् आता गावातल्या मंडळाकडं पुन्हा जायचं, पुन्हा त्यांची बॅटरी उतरलेली, अन् ह्या खेपेला तिथवर जायचं ते त्याच्यामुळं.

रामराव मात्र डोकं खाजवीत गाडीभोवती फिरत होता. बोनेटपाशी थांबला. आत पाहिलं. मग हळूच म्हणाला, "तातेराव, एक सांगू का?"

"सांगा."

"ह्या गाडीचं उलटं हाय. बाकी गाड्याह्यच्या बॉडीला मायनस राह्यतं, हिच्या बॉडीला प्लस हाय. जालन्याचा मिस्त्री म्हणल्ता मला."

"कव्हा म्हणल्ता?"

"गाडी आणली तव्हा."

"अन् तुम्ही आता सांगून राह्यले?"

"तू भोकं पाडत व्हता, म्या त्याच्याच चिंतेत व्हतो."

तातेरावच्या डोक्यात तेव्हा सगळं बसलं. मशीनचा लोखंडी डबा आतून मायनसला जोडलेला असतो. गाडीचा पत्रा प्लसला. अन् दोघांची गाठ घालून दिली ती त्याच्याच चार बोल्टांनी. बैलगाडीच्या लाकडाला प्लसही नसतो अन् मायनसही नसतो, म्हणून इतक्या वर्षांत असला घोळ कधी झालाच नव्हता. जितकं पक्कं बसवलं तितकंच पक्कं जळलं.

पण जळलं काय होतं? वायर जळली, हे दिसत होतं. लाल वायरीवरचा फ्यूज शाबूत होता, तेही दिसत होतं. डब्याच्या आत काय झालं ते काही दिसत नव्हतं. त्यानं बोल्ट काढले, मशीन छातीशी धरलं अन् घराकडं निघाला. लोकांनी वाट करून दिली. भुजंगनंसुद्धा दिली, म्हणून तातेरावला जास्तच धास्ती वाटली.

घरात त्याची बायको चांगुणाबाई चुलीपुढं पुरण घोटीत होती. तिनं त्याचं तोंड पाहिलं, मशीन पाहिलं अन् पळी ठेवली नाही.

"कोन मेलं?" तिनं विचारलं.

"हे मेलं वाटतं."

"वाटतं का मेलं?"

रामरावनं उलटं प्लस-मायनस किती उशिरा सांगितलं ते बडबडत तातेरावनं झाकण उघडलं. वाकून वास घेतला. फडक्यानं आतली धूळ पुसली. पुसलेली पुन्हा पुसली. एक स्क्रू उगाच काढला अन् उगाच बसवला. बैलगाडीच्या वेळची जुनी बॅटरी शेजारीच पडलेली होती, पण तिच्याकडं हात जाईना.

"आवं, लावा की," चांगुणाबाई म्हणाली.

"लावलं अन् न्हाई बोललं तर?"

"तर न्हाई बोललं. न लावता बोलणार हाय का ते?"

विहारापुढच्या लिंबावर एक भोंगा कालच बांधलेला होता अन् त्याची वायर घरात आणून ठेवलेली होती. तातेरावनं ती जोडली. मशीन लाकडी पाटावर ठेवलं. प्लस लावला, जळक्या वायरीच्या जागी एक तुकडा पिळला. मग मायनस धरून तोंडानं काही पुटपुटला अन् टेकवला.

ठिणगी नाही. धूर नाही. समोरचा तांबडा दिवा लागला. वीज डब्याच्या लोखंडावरूनच काळ्या वायरीत गेली होती, आतल्या कामाला लागलीच नव्हती. त्यानं बटण जरासं फिरवलं तर लिंबावरून घूंऽऽ असा बारीक आवाज आला. माइक जोडून त्यानं तो हातात धरला, पण बोलायचं सोडून त्या दिव्याकडंच पाहत बसला.

"आता काय मुहूर्त पाह्यता?" चांगुणाबाई शेजारून करवादली. "उठा तिथून, पुरण करपून राह्यलं तुमच्या पायी. अन् त्या रामरावलाबी म्हणा, शहाणा हाय मोठा, आधी सांगायला काय जीभ झडल्ती का?"

हे सगळं लिंबावरून वस्तीला ऐकू गेलं. वस्तीलाच नाही, पारालाही गेलं. बाहेर असं हसू फुटलं की ते भिंतीतून आत आलं. चांगुणाबाईनं पदर तोंडाला लावला अन् भांड्याकडं तोंड फिरवलं. तातेराव मात्र हसला नाही. भिंतीला पाठ टेकून त्यानं डोळे मिटले अन् एवढा मोठा श्वास सोडला की तोही भोंग्यातून गेला.

दारात रामराव येऊन उभा राहिला. आत पाय ठेवायला तो जरा घुटमळत होता.

"वैनी, जीभ हाय जाग्यावर," तो म्हणाला.

"मंग आत या, तिच्यावर पुरण ठिवते," चांगुणाबाई म्हणाली. तातेरावचा तळहात तिनं तेव्हाच पाहिला. त्याच्यावर तेल चोपडलं, चांगलं जोरात.

आता लाकूड पाहिजे होतं. पाट लहान पडत होता. चांगुणाबाईनं इकडंतिकडं पाहिलं, उठून मागच्या दारी गेली अन् कोंबड्यांच्या खुराड्याचं फळकूट उपटून घेऊन आली. कोंबड्या घरभर झाल्या. रामराव पुरण खाता खाता त्या हाकलत बसला.

फळी आधी गाडीच्या पत्र्याला त्याच चार भोकांत आवळली. तिच्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे, त्यांच्यावर मशीन, अन् मशीनचे स्क्रू फळीत एवढेच खोल की खाली पत्र्याला लागू नयेत. मध्ये दोन बोटं लाकूड. तातेरावनं नवी काळी वायर लावली. भोवती सगळे उभे होते अन् सगळे एक पाऊल मागं होते.

दिवा लागला. भुजंगच पहिला पुढं झाला.

"म्या म्हणलंच व्हतं," तो म्हणाला, "मशीनला काही व्हत नसतं."

"हाव," तातेराव म्हणाला. "मनातल्या मनात म्हणला असशील. आता ते दोन भोंगे वर दे. एक पुढं तोंड करून, एक मागं."

तातेराव टपावर चढला. तळहात ठणकत होता म्हणून दोरी दातात धरली अन् एका हातानं भोंग्याचा पाय बांधायला लागला.