सारवलेल्या भिंतीचा पंचनामा

रानशेतच्या एका पाड्यावरचा लाहू हा गावचा कोतवाल. सरकारचा निरोप घरोघर पोचवायचा आणि तो पोचवताना स्वतःची थोडी भर घालायची, हे काम तो वीस वर्षं करत होता.

श्रावणात डोंगरावरून ओहोळ फुगून आला आणि एकट्या राहणाऱ्या बायजीच्या कुडाच्या घरात दिवसभर कमरेइतकं पाणी उभं राहिलं. पाणी ओसरल्यावर लाहू पाडाभर सांगत फिरला, "परवा तलाठी मॅडम पंचनाम्याला येतायत. घरं जरा नीट ठेवा." दुसरं वाक्य त्याच्या पदरचं.

बाकीच्यांनी नेहमीप्रमाणे त्याचं ऐकलं नाही. बायजीने ऐकलं. गाळ उपसला, भिंती धुतल्या, शेणमातीने सारवल्या.

तलाठी नीलम मॅडम आल्या त्या आपसूक चपला काढूनच आत शिरल्या.

"मावशी, पाण्याची खूण कुठाय?"

"पुसली ना! नीट पुसली."

मॅडमनी मोबाईलवर फोटो काढला. फोटो फार सुंदर आला.

"यात मी नुकसान काय दाखवू? वरचे साहेब फोटो बघूनच भरपाई मंजूर करतात."

"लाहूच बोलला, नीट ठेव म्हणून."

"काय हो लाहू?"

"मी सगळ्यांनाच बोललो होतो," लाहू म्हणाला, जणू वाटून दिल्याने चूक कमी होणार होती.

मॅडमनी नुकसानीच्या रकान्यात 'निरंक' लिहायला पेन टेकवलं. सारवणाखालच्या कारवीच्या जुन्या काठ्या पाण्याने कुजल्या असणार, हे लाहूला ठाऊक होतं. नवी कारवी, बांबू, माणसं लावायची तर बायजीची अख्ख्या हंगामाची मजुरी गेली असती. आणि तशीच ठेवली तर पुढच्या पाण्यात भिंत गेली असती, कदाचित बायजीसकट.

त्याने कोपऱ्यातला कोयता उचलला आणि भिंतीच्या तळाला घातला.

"मेल्या, माझी भिंत!"

ओलं सारवण ढासळलं. आतली काळी कारवी त्याने मुठीने उपसली. तिचा लगदा झाला. दुसऱ्या भिंतीचंही तेच.

"आता काढा फोटो."

मॅडमनी काढले. 'कुडाच्या भिंती पुराच्या पाण्याने कुजलेल्या' असं लिहिलं. मग विचारलं, "आणि ही भगदाडं?"

"ती माझी. लिहा तसं."

"त्याला रकाना नाही," मॅडम म्हणाल्या आणि बायजीचा अंगठा घेऊन पुढच्या घराकडे निघाल्या.

बायजी खाली बसून पडलेलं सारवण गोळा करू लागली.

"दोन दिवस खपले रे मी," एवढंच म्हणाली. शिव्या घातल्या असत्या तर लाहूला बरं वाटलं असतं.