छबुबाईंचे चोवीस बीकर

छबुबाईंना एका जागी बसलेलं मी तेरा वर्षांत पाहिलेलं नाही. चहासुद्धा त्या उभ्यानं पितात, तोही येरझाऱ्या घालत. बीडच्या आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्र विभागात त्या परिचर आहेत आणि मी तिथं शिकवते. त्यांच्या पायाला भिंगरी आणि माझ्या नाकावर राग, त्यामुळं आमच्या विभागात शांतता म्हणून कधी नसतेच. प्राचार्य म्हणतात, "तुमच्या खोलीवरून जाताना हेल्मेट घालावं लागतं." म्हणोत बापडे.

छबुबाई शिकल्या सातवीपर्यंत. पण खिडकीतल्या पाच काचेच्या बरण्यांवर राज्य त्यांचंच. त्या बरण्यांत पाणपिसवा असतात. तिळाएवढा पारदर्शक जीव, उड्या मारत पोहणारा. तळ्यातली माशांची पिल्लं यांच्यावरच जगतात. पाण्यात विष किती आहे हे बघायला जगभर हाच जीव वापरतात, कारण पाणी बिघडलं की आधी तो मरतो. छबुबाई त्यांना यीस्ट आणि शेवाळाचं हिरवं पाणी घालतात, आणि भिंग न लावता सांगतात, "म्याडम, ही उद्या मोकळी व्हणार बगा." आणि ती होते. मला भिंगातूनही इतकं नेमकं सांगता येत नाही. याचा मला मनातून रागच येतो.

यंदा मार्चमध्ये त्यांच्या माहेरच्या तळ्यातले मासे मेले. माहेर लिंबागणेशच्या पुढं, माळावरचं लहानसं गाव. तळं ठेक्यानं घेतलेलं त्यांच्या धाकट्या भावानं, धर्मराजनं. धर्मराज बारा वर्षं ऊसतोडीला गेला होता. मासे सोडायला लागल्यापासून गेली तीन वर्षं त्यानं कोयता हातात धरला नव्हता. तळ्याच्या वरच्या अंगाला अर्जुनरावांची पोल्ट्री. शेड धुतलेलं पाणी ओघळीनं थेट तळ्यात उतरतं. कोंबड्यांच्या विष्ठेतून अमोनिया सुटतो हे त्या ओघळीजवळ उभं राहिलेलं कुणीही नाक धरून सांगेल. पण अर्जुनराव माजी सरपंच, गावात त्यांचा शब्द चालतो. ते म्हणाले, "उन्हानं मेले मासे. माज्या कोंबड्यांनी काय त्यांचा गळा दाबला का?"

ग्रामसभेत ठरलं, कॉलेजनं तपासावं आणि शुक्रवारी दुपारी तीनला येऊन निकाल सांगावा. तळ्यात आहे तेवढ्या अमोनियानं जीव मरतात असं निघालं, तर अर्जुनराव ओघळ बंद करणार. नाही निघालं, तर धर्मराजनं पुन्हा तोंड उघडायचं नाही. आणि मासे जगत नसतील तर दिवाळीनंतर त्याला पुन्हा ऊसतोडीच्या टोळीबरोबर जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

सोमवारी सकाळी अकराला आम्ही परीक्षा लावली. ती समजायला सोपी आहे. स्वच्छ पाण्यात पाच वेगवेगळ्या प्रमाणांत अमोनिया मिसळायचा, सहावं पाणी नुसतं. प्रत्येकाचे चार, असे चोवीस बीकर. प्रत्येक बीकरमध्ये पाच पाणपिसवा, त्याही जन्मून एक दिवस न झालेल्या. अठ्ठेचाळीस तास खायला काही द्यायचं नाही. मग मोजायचं. बीकर हलकेच हलवायचा, आणि पंधरा सेकंदांत जी पोहली नाही, ती गेली. धर्मराजनं आणून दिलेल्या तळ्याच्या पाण्यात लिटरला पाच मिलिग्रॅम अमोनिया निघाला होता, म्हणून आमचं एक पाणी नेमकं पाचाचं होतं. सगळा न्याय त्या चार बीकरांत होता.

ते दोन दिवस मला तासावर शिकवता येईना. मी फळ्यावर बेडकाची आकृती काढायला घेतली आणि तिला शेपूट काढलं. छबुबाई दर अर्ध्या तासानं टेबलाशी. मी ओरडायची, "हलवू नका हो!" त्या म्हणायच्या, "हलवतंय कोण? बगतीया नुसतं." पाच मिनिटांनी मी स्वतःच तिथं जाऊन वाकलेली असायची.

मंगळवारी पाचाच्या वीस पिसवांतल्या नऊ गेल्या होत्या. बुधवारी अकराला सतरा. नुसत्या पाण्यातल्या वीसच्या वीस जिवंत, म्हणजे परीक्षा चोख. मी तिथल्या तिथं धर्मराजला फोन लावला आणि म्हटलं, जिंकलास. माझी जीभ नेहमी माझ्या डोक्याच्या दोन पावलं पुढं असते.

छबुबाई बीकर धुवायला घेऊन गेल्या आणि न धुता परत आल्या. त्यांनी एक बीकर माझ्यापुढं धरला. "म्याडम, आतून जरा बोट फिरवा."

बूड बुळबुळीत लागलं. बोटाला पांढरट काहीतरी चिकटलं.

"राख हाय," त्या म्हणाल्या.

मागच्या वर्षी कुणीतरी बीकर साबणानं धुतले होते आणि सगळ्या पिसवा मेल्या होत्या. तेव्हापासून मीच दारावर कागद चिकटवला होता: साबण बंद. पण आमच्या पाण्यात क्षार इतके, की काचेवर पांढरा थर बसतो. भावाच्या तळ्याची परीक्षा, बीकर लख्ख पाहिजेत, म्हणून छबुबाईंनी घरून चुलीची राख आणली. राख लावून बीकर तासभर ठेवले, घासले, आणि टँकर आला नव्हता म्हणून चोवीसही बीकर एकाच बादलीत विसळून काढले. घरी पितळी भांडी अशीच निघतात. पाणी वाचवायची सवय तर आमच्या हाडांत मुरलेली आहे.

राखेनं पाणी अल्कधर्मी होतं, त्याचा पीएच चढतो. आणि पीएच चढला, की तोच पाच मिलिग्रॅम अमोनिया दसपट जहरी होतो. नुसत्या पाण्यातल्या पिसवांना तेवढ्या राखेनं काही झालं नाही, म्हणून सगळं चोख दिसलं. मी पीएच मोजला होता तो मोठ्या बरणीतल्या पाण्याचा, पावणेआठ. बीकरमधला मोजलाच नव्हता. आता मोजला तर नऊ. बीकरमधलं पाणी मोजायचं असतं, हे मी पहिल्या वर्षाच्या पोरांना ओरडून शिकवते.

मी छबुबाईंवर तोंडसुख घेतलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग मी दार लोटलं आणि म्हणाले, "धुऊन टाका. कुणाला कळणार आहे?" सांगायला लाज वाटते, पण मी हे म्हणाले. अर्जुनरावांची ओघळ मी डोळ्यांनी पाहिली होती; मला वाटलं, खऱ्या गोष्टीला थोडा खोटा टेकू दिला तर काय बिघडलं?

"मला तर कळलं की, म्याडम," छबुबाई म्हणाल्या. त्या टेबलाभोवती फेऱ्या मारत होत्या. "अन् उद्या अर्जुनआण्णांनी दुसरीकडून तपासून आणलं, अन् हे खोटं निघालं, तर? मग धर्मा खरं बोलला तरी कुणी ऐकायचं न्हाई."

मी दार पुन्हा उघडलं. आम्ही डिस्टिल्ड पाण्यानं बीकर पाच-पाच वेळा धुतले. छबुबाईंनी आदल्या दिवशीच वेगळ्या काढलेल्या माद्यांची पिल्लं मिळाली, आणि बुधवारी साडेबाराला दुसरी परीक्षा लागली. शुक्रवारी साडेबाराला मोजलं. पाचाच्या वीसमधल्या मेल्या फक्त तीन.

आम्ही दोघी काळीपिवळी जीपमधून गावाकडं निघालो. छबुबाई अख्खा रस्ता पिशवी या मांडीवरून त्या मांडीवर करत होत्या.

ग्रामपंचायतीच्या ओसरीत मी दोन्ही निकाल वाचले. राखेचं छबुबाईंनी स्वतःच उभं राहून सांगितलं. धर्मराज उठला.

"आक्का, कावून बोललीस? त्यांनी तर जिंकलास म्हणून फोन केलता मला! माजी सख्खी बहीण तू, अन् तूच माज्या हातात कोयता दिलास."

त्यानं पाठ फिरवली. अर्जुनराव हसले. "बगा! मासे कोंबड्यांनी न्हाई, छबूच्या चुलीनं मारले." सगळी सभा हसली. मला तिथल्या तिथं कुणाच्या तरी टाळक्यात पीएचचं यंत्र घालावंसं वाटलं.

छबुबाईंचं कुणाकडंच लक्ष नव्हतं. ओसरीतून खाली तळं दिसतं. उन्हात ते शेवाळानं हिरवंगार झालं होतं. "म्याडम," त्या म्हणाल्या, "धर्मानं तुमाला पाणी आणून दिलतं ते सकाळचं. दुपारचं कुणी मोजलंय का?"

मला कुणी कानाखाली वाजवल्यासारखं झालं. तळ्यात शेवाळ माजलं, की उन्हात ते पाण्यातला कार्बन डायऑक्साइड खाऊन टाकतं आणि दुपारपर्यंत पाण्याचा पीएच चढतो. हेही मी शिकवते. आम्ही सगळे तळ्यावर गेलो. मी यंत्र बुडवलं. नऊ पूर्णांक एक.

म्हणजे दुपारचं तळं हे छबुबाईंच्या राखेच्या बीकरसारखंच होतं. हे मी मोठ्यानं, जरा जास्तच मोठ्यानं सांगितलं.

"आधी राख, आता ऊन," अर्जुनराव म्हणाले. "उद्या म्हणताल अमावस्या. दोन परीक्षा, दोन निकाल. आमी धरायचा कोणता?"

राग आला, पण माणूस चूक बोलत नव्हता. एक परीक्षा चुकीनं झालेली, दुसरी सकाळच्या पाण्याची.

"कोणताच धरू नका, आण्णा," छबुबाई म्हणाल्या. "तिसरी लावू. दुपारच्या पाण्यासारखं पाणी करून. कॉलेजात न्हाई, हितंच, पंचायतीच्या टेबलावर. अन् मोजायचं तुमीच. मोजून सही करायची."

एवढ्या लोकांदेखत अर्जुनरावांना नाही म्हणता येईना. ते म्हणाले, "लावा. मी काय कुणाला भीत न्हाई."

सोमवारी छबुबाई पिसवांची बरणी ओल्या फडक्यात गुंडाळून मांडीवर घेऊन आल्या. या वेळी पाण्याचा पीएच मी सगळ्यांदेखत दुपारच्या तळ्याएवढा, नऊ पूर्णांक एकवर आणला, आणि प्रत्येक बीकरचा सकाळ-संध्याकाळ मोजून भिंतीवर लिहिला. दोन दिवस गाव येऊन बघून जात होतं. कुणी म्हणे, हे तर काहीच दिसत नाही. भिंग दिलं की तोंडात बोट घाली. छबुबाई माहेरीच राहिल्या, मीही त्यांच्यासोबत. धर्मराज त्यांच्याशी बोलला नाही. जेवताना तो ताट घेऊन दुसऱ्या खोलीत जायचा, आणि छबुबाई अर्धी भाकरी टाकून पुन्हा पंचायतीत यायच्या. मी म्हटलं, जरा टेका. म्हणाल्या, "टेकलं की डोळ्यापुढं बीकरच येत्यात, म्याडम."

बुधवारी बाराला अर्जुनराव आले. मी ओठ दाबून उभी राहिले. त्यांनी भिंग धरलं, बीकर हलकेच हलवला, मोठ्यानं पंधरापर्यंत आकडे म्हटले. घाई केली नाही, हे मान्य करायला हवं. नुसत्या पाण्यातल्या वीसही जिवंत. मग पाचाचे बीकर. पहिल्यात चार गेलेल्या. दुसऱ्यात चार. तिसऱ्यात पाच. चौथ्यात तीन. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजलं. सोळा.

अर्जुनरावांनी भिंग खाली ठेवलं, टोपी काढून कपाळ पुसलं, आणि मला ज्याची भीती होती तोच प्रश्न विचारला.

"छबू, तुज्या देवाची शपथ घिऊन सांग. ह्या टायमाला बीकर कशानं धुतले?"

राखेचा डाग एकदा लागला की तो शंभर परीक्षांनी जात नाही, हे मला तेव्हा कळलं. दारात धर्मराज उभा होता, खाली बघत.

"मला काय म्हाईत, आण्णा?" छबुबाई म्हणाल्या. "मी बीकरला हातच न्हाई लावला. तुमच्या सुनबाईंनी धुतले, तुमच्याच वट्ट्यावर. त्यास्नी इचारा."

अर्जुनरावांची सून राजनंदिनी बायकांत उभी होती. तिनं पदर सारखा केला. "साध्या पाण्यानं धुतले, मामा," ती म्हणाली. "पाच-पाच वेळा. छबूआक्का लांब उभ्या व्हत्या."

धर्मराजनं मान वर केली आणि शुक्रवारनंतर पहिल्यांदा बहिणीकडं बघितलं. अर्जुनरावांनी ग्रामसेवकापुढं हात केला आणि सहीला पेन मागितलं.