गाईंना दिसणारा विस्तव

आज दुपारी लीसामावशींकडे गेले होते. तव्यावरच्या मनुकांच्या टिकल्या केल्या होत्या, त्या फडक्यात बांधून नेल्या. मावशींनी मुद्दाम बोलावलं होतं. "दार उघडणार आहे गं आज," म्हणाल्या होत्या, तेसुद्धा चॅपेलच्या पायरीवर, उपासना संपते न संपते तोच.

ब्लाएन-नांट, मावशींचं शेतावरचं घर, लांबच लांब. एकाच छपराखाली वरच्या अंगाला स्वयंपाकघर, मग अरुंद बोळ आणि उताराच्या अंगाला गोठा. गाई बोळाकडे तोंड करून बांधलेल्या. मावशी लग्न होऊन आल्या त्याच संध्याकाळी सासूनं बजावलं, "हे मधलं दार लावायचं नाही हं. गाईंना विस्तव दिसला पाहिजे, नाहीतर पान्हा चोरतात."

मावशींनी ते मनापासून पाळलं. कोळशाची भुकटी आणि चिकणमाती तुडवून गोळे वळायचे, रात्री ते राखेखाली दडपायचे. सासूच्या सासूपासूनचा तो विस्तव त्यांनी विझू दिला नाही. इद्वालकाका, म्हणजे त्यांचे यजमान, जेवणं झाली की बूट काढून बोळात तिवईवर बसत आणि पेनवेन गाईला स्तोत्र म्हणून दाखवत. "चॅपेलमध्ये बेसूर, गाईपुढे मात्र सुरात," मावशी म्हणायच्या. आतून साखळ्यांचा किणकिणाट, रवंथ आणि काकांचा खर्ज. त्या आवाजातच त्यांना झोप लागायची.

काका गेले, त्याच वर्षी दुधाची तपासणी करणारे साहेब आले. स्वयंपाकघर आणि गोठा यांच्यामधलं दार बुजवा, नाहीतर डेअरीची लॉरी दूध उचलणार नाही, म्हणाले. इथेलनं, त्यांच्या मुलानं, चौकटीत दगड रचले. त्या आठवड्यात दूध उतरलं.

"सांगितलं नव्हतं?" मावशी म्हणाल्या.

"माम, हवा गार झालीय म्हणून गं," इथेलनं आईला समजावलं.

तेव्हापासून दर वसंतात घराला चुना लावायची वेळ आली की त्यांचं एकच टुमणं: "इथेल, दार उघड रे." आणि त्याचं ठरलेलं उत्तर, "मग दूध काय पाद्रीबाबांच्या आंघोळीला द्यायचं?" मावशी हसायच्या. पण संध्याकाळी खुर्ची फिरवून त्या भिंतीकडे तोंड करून बसायच्या.

यंदा इथेलनं गाई विकल्या. त्याचे गुडघे गेलेत. गोठ्यात उन्हाळी पाहुण्यांसाठी खोल्या केल्यात, म्हणून आता त्यानं दगड काढून तिथे नवं दार बसवलं.

मी पोचले तेव्हा मावशी चॅपेलची टोपी घालून बसल्या होत्या, गाल लाल. विस्तव चांगला फुलवला होता.

"बघ हं माम," म्हणत इथेलनं दार उघडलं. "झालं समाधान? आता तरी माझं डोकं खाणं बंद कर."

विस्तवाचा उजेड पलीकडे गेला. पांढऱ्या भिंती, नवी लाकडी जमीन, खाटेवर घडी घातलेले टॉवेल. रंगाचा वास आला. मावशी पाहत राहिल्या. मी चहा ओतला, तो त्यांनी घेतला नाही.

"इथेल."

"काय गं?"

"लाव ते."

"अगं! इतकी वर्षं दार, दार करत होतीस ना?"

"भिंत होती तोवर मला वाटायचं, पलीकडे आहेत सगळी."

इथेलनं दार हळूच ओढून घेतलं आणि कडी लावली. मावशींनी टोपी काढली, वाकून निखाऱ्यांवर राख सारली, म्हणाल्या, "टिकल्या गार झाल्या ना गं? दे तशाच."

घरी येऊन प्रार्थनेला बसले. लीसामावशींचं नाव घेतलं की पुढे 'त्यांचं दार उघडू दे' असं म्हणायची जिभेला सवय झाली आहे. आज नावापाशीच थांबले. त्यांच्यासाठी आता काय मागावं, ते देवा, तूच सुचव.