डावीकडचा माइक

मधुकर तेंडोलकरांनी निवृत्तीनंतर एक जुनी जिप्सी आणून नेरूळच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी केली, तेव्हा सेक्रेटरी मुद्दाम खाली आले. गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "तेंडोलकर, या वयात लोक छोटी ऑटोमॅटिक घेतात हो. तुम्ही काय मिलिटरीत भरती होताय?"

मधुकर नुसते हसले. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रसायनांच्या कारखान्यात त्यांची सगळी नोकरी मोजमापाची यंत्रं जुळवण्यात गेली होती. दाब, तापमान, टाकीतली पातळी. काटा हवा तिथे येऊन थांबला की त्यांना जेवण गोड लागायचं. कारखाना सुटला आणि जुळवायला काहीच उरलं नाही. मग त्यांनी ही गाडी घेतली, आणि सारसोळ्याच्या दिपेशच्या ग्रुपमध्ये नाव घातलं. दिपेशचा धंदा रेती-सिमेंट पुरवण्याचा, पण जीव अडकलेला चिखलात आणि दगडात. थंडी सुरू झाली की सुट्टीच्या दिवशी आठ-नऊ गाड्या घेऊन तो कर्जतच्या पुढच्या डोंगरांत शिरायचा.

ग्रुपचा एकच नियम होता. प्रत्येक गाडीत सीबी रेडिओ हवा. डोंगरात मोबाइल मुका होतो, पण हा छोटा रेडिओ दोन-चार किलोमीटरपर्यंत पुढच्या-मागच्या गाडीशी बोलतो. बटण दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं. एका वेळी एकानेच. दोघांनी एकदम दाबलं तर नुसती किंकाळी ऐकू येते.

हे ऐकल्यावर मधुकरांना जणू पुन्हा नोकरी लागली. त्यांनी रेडिओ मागवला, अँटेना मागवली आणि गाडी उघडून बसले. पत्नी सरोजिनी चहा घेऊन खाली आली, तर हे टपावर ड्रिल लावून उभे.

"अहो, चांगल्या पत्र्याला भोक पाडताय?"

"अँटेनाला खाली पत्रा लागतो. त्याच्याशिवाय ती नुसती काठी." त्यांनी भोकाभोवतीचा रंग खरवडून पत्रा चकचकीत केला, कारण रंगावर बसवलेली अँटेना नीट काम करत नाही. रेडिओची वायर थेट बॅटरीवरून घेतली, वेगळा फ्यूज घालून, नाहीतर इंजिनाची शिट्टी बोलण्यात मिसळते. मग मीटर लावलं. अँटेनाकडे पाठवलेली ताकद किती वाया जाऊन परत येते, ते त्यावर दिसतं. अँटेनाचं टोक केसभर कमी करायचं, पुन्हा बघायचं, पुन्हा केसभर. काटा खाली आला तेव्हा अख्ख्या पार्किंगमध्ये तो आनंद कळणारं कोणी नव्हतं. सरोजिनी होती, पण तिला काट्यापेक्षा दुसरीच काळजी.

"माइक कुठे लावणार? तुमचे दोन्ही हात स्टिअरिंगला. माझ्या बाजूला द्या."

त्यांना ते पटलं. डॅशबोर्डच्या डाव्या टोकाला, तिचा हात सहज पोचेल असा, त्यांनी माइकचा हुक स्क्रूने बसवला.

सरोजिनी टेलिफोन खात्यात ट्रंक ऑपरेटर होती. परगावी फोन लावायचा तर आधी बुकिंग करून वाट बघावी लागायची, त्या काळातली. कानाला हेडफोन, समोर बोर्ड, बोर्डावर शेकडो दिवे. कोणीतरी पलीकडे बोलायला आलं की दिवा लागायचा. "चुकीचा नंबर लागला तर चालायचं," ती सांगायची, "साहेब ओरडायचे, विसरायचे. पण लागलेल्या दिव्याला उत्तर नाही दिलं, तर आमच्या सुपरवायझर बाई घरी पाठवायच्या." पुढे बोर्ड गेले, तिला खात्यात कागदांच्या टेबलावर बसवलं. त्या नोकरीबद्दल ती कधी काही सांगत नसे.

पहिल्या सफरीत सगळे एकमेकांच्या बोलण्यावर चढून बोलत होते. नुसत्या किंकाळ्या. दिपेश पुढून काहीतरी सांगत होता, शेवटच्या गाडीतला अभिराम मागून काहीतरी विचारत होता आणि दोघांच्या मध्ये डोंगराची सोंड, म्हणून ते एकमेकांना ऐकूच येत नव्हते. तेंडोलकरांची जिप्सी मधोमध, तिला दोघं ऐकू येत होते. सरोजिनीने थोडा वेळ ऐकून घेतलं. मग हुकावरचा माइक काढला, पदर सारखा केला आणि बटण दाबलं.

"सगळ्यांनी थांबा. अभिराम, तुम्ही होल्ड करा. दिपेश, बोला."

डोंगर एकदम शांत झाला.

"कोन बोलतंय?" दिपेशचा आवाज आला.

"मधली गाडी. बोला, तुमचा निरोप मागे देते."

त्या दिवशी घाट उतरेपर्यंत ती प्रत्येकाचा निरोप घेत होती आणि पोचवत होती. परतताना चहाच्या टपरीवर दिपेशने दोन्ही हात जोडले. "काकू, तुमी तर पुरी एक्सचेंज हाय! आजपासून तुमची गाडी मधीच." आणि मधुकरांकडे वळून, "काका, तुमी निस्ती गाडी हाना. लायनीचं काकू बघतील."

सगळे हसले. मधुकरही हसले.

पुढे हे वाढतच गेलं. महाप्याच्या आयटी कंपनीतला अभिराम रेडिओवर क्रिकेट घेऊन बसला की सरोजिनी मध्येच ट्रंक कॉलवर सांगायची तसं म्हणायची, "तीन मिनिटं झाली. वाढवायची आहेत?" गाड्यागाड्यांतून हशा. दिपेशची बायको नमिता घाईत काही विचारू लागली की ही सगळ्यात तातडीच्या ट्रंक कॉलचं जुनं नाव घेऊन म्हणायची, "लाइटनिंग कॉल आहे, बाकीच्यांनी लाइन सोडा." ती घरातही गुणगुणायला लागली. सफरीच्या आदल्या संध्याकाळी साडी इस्त्री करून ठेवायची, जणू ड्यूटी लागली होती.

मधुकरांना हे आवडत होतं, असं ते स्वतःला सांगत. पण कुठेतरी कुसळ अडकलं होतं. ते चाकांतली हवा किती कमी करावी, का करावी, टायर पसरला की पकड कशी वाढते, हे नीट समजावून सांगायचे. सरोजिनी माइक तोंडाशी नेऊन म्हणायची, "चाकांतली हवा कमी करा. पंधरावर आणा."

"मी एवढं सांगितलं, आणि तू दोन वाक्यांत उरकलंस?"

"त्यांना तेवढंच लागतं हो."

एकदा अभिराम म्हणाला, "काय क्लिअर येतो आवाज! काकू, तुमचा आवाजच रेडिओसाठी आहे." तो स्वच्छपणा मधुकरांनी खरवडलेल्या पत्र्याचा होता, वेगळ्या फ्यूजचा होता, केसभर केसभर खाली आणलेल्या काट्याचा होता. हे तिथे सांगणं बरं दिसलं नसतं. त्यांनी ते सांगितलं नाही, आणि विसरलेही नाहीत.

सरोजिनी बहिणीकडे चिपळूणला गेली होती, त्या आठवड्यात त्यांनी हुक काढला. माइक स्टिअरिंगच्या उजव्या बाजूला, स्वतःच्या गुडघ्याजवळ घेतला. डावीकडची भोकं काळ्या रबरी बुचांनी बंद केली. काम असं सुबक केलं की तिथे कधी काही होतं, हे कळूही नये. हे सुरक्षिततेसाठी आहे, चालवणाऱ्याच्या हाताशीच माइक हवा, असं ते मनाशी म्हणत राहिले. चिपळूणला रोज फोन होत होता. त्यात हे सांगायचं राहिलं, असंही नाही. त्यांनी सांगितलं नाही.

पुढच्या सफरीला सरोजिनी गाडीत बसली. महामार्ग सुटून कच्चा रस्ता लागला तसा तिचा हात सवयीने पुढे गेला. बोटं रबरी बुचांवर टेकली. तिने खाली बघितलं, मग त्यांच्या गुडघ्याकडे.

"तिकडे घेतलात?"

"हो. चालवताना सोयीचं पडतं."

"बरं," ती म्हणाली आणि हात पर्सवर ठेवला.

मधुकरांनी त्या दिवशी भरपूर बोलून घेतलं. चढाबद्दल, गिअरबद्दल, दगडावर चाक कसं ठेवावं याबद्दल. दिपेशने विचारलं, "काकू हायेत ना?" ते म्हणाले, "आहेत, ऐकतायत."

मग मोठ्या दगडांचा उतार आला. दोन्ही हात स्टिअरिंगवर, पाय ब्रेकवर, नजर चाकासमोर. त्याच वेळी रेडिओतून अभिरामचा आवाज आला. "मधली गाडी, ऐकताय का? माझं मागचं चाक चरात गेलंय." थोडं थांबून पुन्हा, "मधली गाडी? कोणी ऐकतंय का?"

"अहो, मागून बोलावतायत."

"थांब गं. दिसत नाही का, मी कशात आहे?"

"द्या ना माइक इकडे."

माइक त्यांच्या उजव्या गुडघ्याशी होता. वायर तिच्यापर्यंत पोचण्याइतकी लांब नव्हती. त्यांनीच ती नीटनेटकी दिसावी म्हणून मागे गुंडाळून आवळून बांधली होती. मधली गाडीच उत्तर देईल म्हणून बाकीच्यांनी सवयीने लाइन मोकळी सोडली होती. अभिराम बोलावत राहिला आणि सरोजिनी मांडीवरच्या पर्सचा बंद घट्ट धरून समोर बघत राहिली. उतार संपेपर्यंत आवाज यायचा बंद झाला होता. मधुकरांनी हाक दिली, उत्तर आलं नाही. सोंड आड आली होती.

सपाटीवर सगळे थांबले, अभिराम येईना. दिपेश दोर घेऊन मागे गेला, पाठोपाठ जिप्सी. अभिराम चराच्या कडेला दगड लावत उभा होता, घामाने भिजलेला. त्याची आई, पहिल्यांदाच डोंगर बघायला आलेली, झुडपाच्या तुटपुंज्या सावलीत बसून होती. चेहरा उतरलेला. कोणाला काही झालं नव्हतं. गाडी दोर लावताच बाहेर आली.

"काही नाही हो काका, होतं असं," अभिराम म्हणाला.

सरोजिनी तोवर उतरून त्याच्या आईजवळ गेली होती. तिचे हात हातात घेऊन ती म्हणाली, "तुमच्या मुलाचा आवाज मला ऐकू येत होता. पण उत्तर देता आलं नाही. माफ करा."

मधुकर चार पावलांवर उभे होते. माफी कोणी मागायला हवी होती, हे त्यांना तेव्हाच कळलं. घरी परतताना पनवेलपर्यंत ते शब्द जुळवत होते. शेवटी म्हणाले, "वायर जरा लांब ठेवायला हवी होती."

सरोजिनी म्हणाली, "हं."

तिने भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. तिने काहीच केलं नाही. पुढच्या सफरीच्या वेळी तिचा गुडघा दुखत होता. त्याच्या पुढच्या वेळी शेजारच्या जाईचं डोहाळजेवण होतं. कारणं सगळी खरी होती. डबा मात्र ती पहाटे उठून भरून द्यायची, दोन भाज्या, लिंबाचं लोणचं. डाव्या सीटवर आता पाण्याच्या बाटल्या जायच्या. सुरुवातीला सगळे विचारायचे. मग दिपेशच एकदा बाजूला घेऊन म्हणाला, "काका, काकूंना आना ना. मजा नाय येत. आन खरं सांगू, लाइन पन नीट लागत नाय."

त्या संध्याकाळी मधुकरांनी पुन्हा ड्रिल काढलं. हुक डावीकडे, जिथे होता तिथेच. वायर मोकळी सोडली. वर जाऊन म्हणाले, "जरा खाली ये."

ती आली. दार उघडून बघितलं, बोटाने माइक हलवून बघितला.

"छान बसवलाय."

"तिकडे वायरला ताण येत होता," मधुकर म्हणाले. "म्हणून हलवला परत."

बोलून झाल्यावर त्यांना वाटलं, जीभ तोडून टाकावी. पार्किंगमध्ये दुसरं कोणी नव्हतं. ती समोर उभी होती, वाट बघत, नेहमीसारखी पुरेसा वेळ देत. अजूनही म्हणता आलं असतं. म्हणायचं होतं ते एवढंसं, तिच्याच पद्धतीने दोन वाक्यांत मावणारं. त्यांनी स्क्रू पुन्हा आवळल्यासारखं केलं.

"कुकर लावलाय मी," सरोजिनी म्हणाली आणि लिफ्टकडे गेली.

परवाच्या सफरीला ते एकटेच गेले. गाडी सगळ्यांनी आग्रहाने मधेच ठेवली, सवयीने. माइक डावीकडे, हात पुरत नव्हता, म्हणून दर वेळी गाडी थांबवून बाटल्यांवरून वाकावं लागायचं. तोवर बोलणारे कंटाळून गप्प व्हायचे. दुपारनंतर तर कोणी बोलावलंच नाही. जो तो आपापल्या अंदाजाने चालवत होता.

संध्याकाळी जेवणाची पानं घेताना सरोजिनीने विचारलं, "कशी झाली?"

"चांगली झाली. नवा घाट होता."

"शेवटी कोण होतं?"

"अभिराम."

"वर आला ना तो?"

मधुकरांचा हात थांबला. घाट चढल्यावर ते चहाला थांबले होते, मग ट्रकच्या रांगेत सापडले आणि तसेच घरी आले. अभिराम वर आलेला त्यांनी पाहिला नव्हता. तो आला की नाही, हे विचारायचं असतं, हे त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं. ते उठून गॅलरीत गेले. फोन बराच वेळ वाजत राहिला. सरोजिनी हातात पोळीचा डबा घेऊन दारात येऊन उभी राहिली.

"बोला काका," अभिरामचा आवाज आला. "मघाशीच पोचलो. का हो?"

"काही नाही. काकू विचारत होती."

"काकू? द्या ना त्यांना!"

मधुकरांनी फोन तिच्यापुढे धरला. "घे ना. तुझी आठवण काढतोय."

सरोजिनीने एकवार फोनकडे बघितलं. मुलगा पोचला, एवढं तिला कळलं होतं.

"तुम्हीच बोला," ती म्हणाली. "पोळ्या गार होतायत."

ती आत गेली. पलीकडून अभिराम "हॅलो? काकू?" म्हणत राहिला, आणि मधुकर फोन हातात तसाच धरून उभे राहिले.